सोनं जमिनीत, परवाना फायलीत

*"ताई, सप्रेम नमस्कार. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून गेल्या वर्षी निवृत्त झालो. पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे मिळून ४८ लाख हातात आले. घर स्वतःचं, कर्ज नाही. पेन्शन ईपीएसची, म्हणजे सांगण्यासारखी नाही. रोज सकाळी तळजाईला फिरायला जातो. तिथल्या आमच्या ग्रुपमध्ये सध्या एकाच शेअरची चर्चा आहे. छोटी खाणकंपनी आहे, बीएसईवर आहे. कर्नाटकात तीन आणि आफ्रिकेत एक अशा सोन्याच्या चार जागा तिच्याकडे आहेत. कर्नाटकातल्या मुख्य जागेत ८ टन सोनं असल्याचं कंपनीनेच जाहीर केलंय. मी हिशेब मांडला. ग्रॅमला दहा हजार धरले तर ८,००० कोटींचं सोनं होतं, आणि अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत आहे ६०० कोटी! परवा ड्रिलिंगचा निकालही आला : १२ मीटरला ५.१ ग्रॅम. प्रमोटर स्वतः वॉरंट घेतायत. जावईबापूंच्या मित्राने हा शेअर सुचवला आणि जावईबापूंनीही घेतलाय. मी ८० हजारांचे घेतले, अजून १२ लाख घालावेत असं मनात आहे. सौ.ला नुसतं विचारलं तर म्हणाली, 'सोनंच घ्यायचंय तर लक्ष्मी रोडला चला.' ८० हजारांचं तिला माहीत नाही. काय करू? कंपनीची पत्रकं सोबत जोडली आहेत. — एक टेकडीकर, सिंहगड रस्ता"*

नमस्कार.

आधी उत्तर देते, मग कारणं. १२ लाख घालू नका.

तुम्ही जोडलेली पत्रकं मी दोनदा वाचली. कंपनीचं नाव मुद्दाम छापत नाही, कारण प्रश्न त्या एका कंपनीचा नाही. शिवाय तिने काही खोटं सांगितलंय असंही मला म्हणायचं नाही. पत्रकात जवळपास सगळं लिहिलेलं आहे. टेकडीवर पोचेपर्यंत त्यातली निम्मी वाक्यं गळून पडली, एवढंच.

कंपनीकडे सोन्याच्या चार जागा आहेत, असं तुम्ही लिहिता. तिच्याकडे असलेली गोष्ट म्हणजे ठरावीक चौकटीत, ठरावीक मुदतीपर्यंत सोनं शोधायचा परवाना. खाणीतली माणसं त्याला पीएल म्हणतात, म्हणजे पूर्वेक्षण परवाना. खाण काढायला एमएल लागतो, म्हणजे खाणपट्टा. या दोन्हींच्या मध्ये काय काय असतं ते ऐका : वनखात्याची परवानगी, पर्यावरण मंजुरी, जनसुनावणी, जमीन मिळवणं आणि बदलते कायदे. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणी लिलावाने द्यायचं ठरलं. ज्यांनी आधीपासून शोधाचं काम केलं होतं त्यांचे अर्ज तेव्हा एका कलमाखाली राखून ठेवले. मग २८ मार्च २०२१ला दुसरी दुरुस्ती आली आणि त्या कलमाखाली अडकलेली प्रकरणं संपुष्टात आली. शोधावर केलेला खर्च भरून द्यायची तरतूद झाली, पण खर्च परत मिळणं आणि खाण मिळणं यात किती अंतर आहे ते तुम्हाला सांगायला नको. २०२३मध्ये सोन्यासह २९ खनिजांसाठी शोध परवाना नावाचा नवा प्रकार आला. त्यात शोधणाऱ्याने सोनं शोधून दिलं तरी खाण लिलावातच जाते. शोधणाऱ्याला लिलावातल्या अधिमूल्याचा, म्हणजे बोलीतून येणाऱ्या जादा रकमेचा वाटा मिळतो.

त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न 'सोनं किती' हा नको, 'कागद कुठला' हा हवा. तुमच्या पत्रकात मुख्य जागेला पीएल आहे, एमएलचा अर्ज केलेला आहे. दुसऱ्या दोन जागा 'अर्ज विचाराधीन' या सदरात आहेत. आफ्रिकेबद्दल दोनच ओळी आहेत : करार झाला, सर्वेक्षण सुरू होईल. या तिन्हींची किंमत हिशेबात शून्य धरा. तिथे सोनं नसेलच असं नाही, पण आकडा मांडण्याजोगं अजून काही घडलेलं नाही.

आता ते ८ टन. पत्रकात ते 'इन्फर्ड' वर्गात दाखवलेत. भोकं लांब लांब पाडलेली असतात, मधल्या खडकात काय असेल याचा भूवैज्ञानिकाने अंदाज बांधलेला असतो, त्या साठ्याला इन्फर्ड म्हणतात. भोकं जवळजवळ पाडली, खात्री वाढली की इंडिकेटेड, आणखी वाढली की मेझर्ड. खाण उभारायचा आराखडा आणि कर्ज पुढच्या दोन वर्गांवर मिळतं. खनिजसाठे कसे जाहीर करायचे याची ऑस्ट्रेलियाची नियमावली म्हणजे जॉर्क संहिता, जिचा हवाला तुमच्या कंपनीने दिलाय, तीच सांगते की इन्फर्ड साठ्यावरून 'खणण्याजोगा साठा' थेट जाहीर करता येत नाही.

सोनभद्रची बातमी आठवते? फेब्रुवारी २०२०मध्ये उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात ३,००० टनांहून जास्त सोनं सापडल्याचं सगळीकडे झळकलं. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला : ५२,८०६ टन खनिज, टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं, एकूण सुमारे १६० किलो. वरचे दोन आकडे गुणून पाहा, बरोबर तेवढंच येतं. टन खनिजाचे की सोन्याचे, हे पाहायला टीव्हीवर कुणी थांबलं नव्हतं. तुमच्या पत्रकातले ८ टन सोन्याचेच आहेत, तेवढं बरं. पण सरासरी ग्रेड टनाला २ ग्रॅम आहे. म्हणजे ते ८ टन हातात यायला ४० लाख टन दगड फोडायचा, दळायचा, सायनाइडच्या द्रावणातून काढायचा आणि उरलेला गाळ बांध घालून वर्षानुवर्षं सांभाळायचा.

(टेकडीवरच्या गप्पांसाठी : तळजाईचा दगड बेसॉल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कोलार, हुट्टीचं सोनं ज्या धारवाडी खडकांत आहे ते अडीचशे कोटी वर्षांहून जुने. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा मिळाल्यात त्या पार भंडारा-नागपूरकडे. आपल्या टेकड्यांत फक्त टिपा सापडतात.)

तुमचा ८,००० कोटींचा हिशेब आता पुन्हा मांडू. पत्रकाच्या तळटीपेत आहे की मुख्य जागेत कंपनीचा हिस्सा ४० टक्के आहे, बाकी भागीदाराचा. म्हणजे ८० लाख ग्रॅमपैकी कंपनीचे ३२ लाख. इन्फर्डमधलं निम्मं सोनं शेवटी खणण्याजोगं ठरलं असं धरू. हे गृहीतक माझं आहे, आणि फार कंजूष नाही. राहिले १६ लाख ग्रॅम. दगडातलं सगळंच सोनं निघत नाही, ८५-९० टक्के निघालं तर चांगलं. राहिले १४ लाख ग्रॅम, म्हणजे तुमच्याच भावाने १,४०० कोटींची विक्री. खणणं, दळणं, वीज, पगार, सोन्यावरची ४ टक्के रॉयल्टी, तिच्यावर जिल्हा खनिज निधी, हे सगळं मिळून विक्रीच्या ६० टक्के खर्च धरा. उरले ५६० कोटी. त्यावर कर. त्याआधी प्रकल्प उभारायचा कंपनीच्या वाट्याचा खर्च, समजा १२० कोटी. म्हणजे हाती तीनेकशे कोटी, तेही सगळं सुरळीत गेलं तर सातव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत थोडे थोडे येणारे. वर्षाला १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर शंभर कोटीही भरत नाहीत. बाजार त्याला आज ६०० कोटी देतोय. तुम्हाला शेअर तेरापट स्वस्त वाटला होता.

माझ्या गृहीतकांशी भांडा, जरूर भांडा. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने भांडायलाच हवं. हिस्सा ४० ऐवजी १०० टक्के असता, ग्रेड २ऐवजी ६ असती, तर चित्र वेगळं झालं असतं. आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती लपवत नाही. सोन्याचा भाव दहावरून पंधरा हजारांवर गेला तर विक्री २,१०० कोटी होते, खर्च मात्र साधारण तोच राहतो, ८४० कोटी. शिल्लक ५६०वरून १,२६० कोटींवर जाते. भाव दीडपट, शिल्लक सव्वादोनपट. सोनं चढतं तेव्हा असले शेअर सोन्यापेक्षा जोरात पळतात ते यामुळे. उतरताना हाच हिशेब उलटा चालतो.

ड्रिलिंगचा निकाल. '४२ मीटर खोलीपासून १२ मीटर, सरासरी ५.१ ग्रॅम' (म्हणजे टनाला), इथपर्यंत तुम्ही वाचलंत. पुढची ओळ आहे, 'यात समाविष्ट : १ मीटर, ५० ग्रॅम'. गुणाकार करा. १२ गुणिले ५.१ म्हणजे ६१.२. त्यातले ५० एकाच मीटरने दिले. उरलेल्या ११ मीटरांत मिळून ११.२, म्हणजे तिथे सरासरी टनाला जेमतेम १ ग्रॅम. बारा जणांच्या पंगतीत एकाच्या पानात वाटीभर तूप ओतायचं आणि 'सरासरी प्रत्येकाला चमचाभर' असं सांगायचं, त्यातला हा प्रकार. तो एक मीटर खराच असेल. सोनं असंच येतं, कुठे शिरेत दाणा सापडतो, हातभर बाजूला काही नसतं. म्हणून तर एका भोकावर कुणी उड्या मारू नयेत. शिवाय हे १२ मीटर भोकाच्या लांबीवर मोजलेले आहेत. भोक तिरकं, शीरही तिरकी. तिची खरी जाडी त्याहून कमी, कधी निम्मी भरते. कोनाचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको.

नमुने कुणी तपासले हेही पाहा. १९९७मध्ये ब्रे-एक्स नावाची कॅनडातली कंपनी बुडाली, ती नमुन्यांपायीच. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये अफाट सोनं सापडल्याचं तिने जाहीर केलं होतं, बाजारातली किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेली होती. ड्रिलिंगमधून दगडाचा जो गोल दांडा निघतो, ज्याला कोअर म्हणतात, तो उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत आणि अर्धा पेटीत ठेवायची रीत आहे. या कंपनीने अख्खा कोअर दळला, त्यामुळे पडताळायला काही उरलंच नाही. भागीदार म्हणून आलेल्या मोठ्या खाणकंपनीने शेजारी नवी भोकं पाडली, तेव्हा सोनं जवळपास नाही असं निघालं. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. त्यानंतर २००१मध्ये कॅनडाने खनिज कंपन्यांनी काय आणि कसं जाहीर करायचं याचे कडक नियम आणले. तुमची कंपनी तसली आहे असं मी सुचवत नाही. तिच्या पत्रकात स्वतंत्र प्रयोगशाळेचा उल्लेख आहे, अर्धा कोअर राखल्याचंही लिहिलंय. या दोन ओळी नसत्या तर पत्र इथेच संपवलं असतं.

आता वॉरंट, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क. प्रमोटर स्वतः पैसे घालतोय म्हणजे त्याला खात्री आहे, असा ग्रुपचा तर्क दिसतो. सेबीच्या नियमांप्रमाणे वॉरंट घेताना किमतीच्या किमान २५ टक्के भरायचे असतात, उरलेले १८ महिन्यांत. शेअर चढला तर प्रमोटर बाकीचे भरून शेअर घेईल. पडला तर भरलेले पाव पैसे सोडून देईल आणि मोकळा होईल. तुम्ही मात्र पूर्ण १०० टक्के आज भरताय. त्याला दीड वर्ष विचार करायला वेळ आहे, तुम्हाला नाही.

आणि अशा कंपन्या जगतात त्या यावरच. विक्री नाही, उत्पन्न नाही, ड्रिलिंगला मात्र रोज पैसे लागतात. म्हणून दर वर्ष-दोन वर्षांनी नवे शेअर निघतात, कधी प्रेफरन्शियल (निवडक लोकांना), कधी राइट्स (जुन्या भागधारकांना), कधी वॉरंट. सोनं तेवढंच, वाटेकरी वाढले. वार्षिक अहवालात पाच वर्षांपूर्वी एकूण शेअर किती होते आणि आज किती आहेत, एवढी एक तुलना केलीत तरी बरंच कळेल. त्याच अहवालात ताळेबंदात शोधकामावरचा खर्च मालमत्ता म्हणून साठवलेला दिसेल. हिशेबाचे नियम ते करू देतात. पण ज्या दिवशी कंपनी एखादी जागा सोडते त्या दिवशी ती मालमत्ता एका फटक्यात पुसली जाते.

वेळेबद्दल सांगते. कुर्नूल जिल्ह्यातल्या जोन्नागिरीत शोध सुरू झाल्यापासून खाण उभी राहीपर्यंत दोन दशकं उलटली. कोलारची खाण सव्वाशे वर्षांच्या घरात चालली आणि २८ फेब्रुवारी २००१ला बंद झाली. जमिनीत सोनं शिल्लक होतं, पण ते काढायचा खर्च विक्रीपेक्षा जास्त झाला होता. हुट्टीत खाण चालू आहे, पण ती कर्नाटक सरकारची, तिचे शेअर बाजारात मिळत नाहीत. देश वर्षाला सातशे-आठशे टन सोनं आयात करतो, म्हणून 'भारतात सोन्याची खाण' या तीन शब्दांना बाजारात जादाच किंमत मिळते.

बाहेर पडण्याचाही विचार करा. असल्या शेअरची रोजची उलाढाल थोडी असते, अनेकदा ५ टक्क्यांचं सर्किट असतं, म्हणजे दिवसभरात भाव त्यापलीकडे हलू दिला जात नाही. वाईट बातमी आली की सकाळी सव्वानऊला लोअर सर्किट लागतं, विकणारे रांगेत आणि घेणारा कुणी नाही. ८० हजारांचे शेअर केव्हातरी निघतात. १२ लाखांचे निघेपर्यंत आठवडा जाऊ शकतो आणि रोज ५ टक्के जाऊ शकतात.

जावईबापूंच्या मित्राचा सेबी नोंदणी क्रमांक विचारा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएचने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने. सेबीच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. क्रमांक नसेल तर तो मित्र आहे, सल्लागार नाही. जावईबापूंना दुखवायची गरज नाही. 'वार्षिक अहवाल वाचतोय, एमएल आला की बघू' एवढं म्हणा. ते खोटंही नाही.

सौ. म्हणतात ते तुमच्यापेक्षा शहाणपणाचं आहे, पण पूर्ण बरोबर नाही. दागिन्यात मजुरी जाते, ३ टक्के जीएसटी जातो, मोडताना घट लागते. अंगावर घालायला घेणार असाल तर लक्ष्मी रोडला जरूर जा, हॉलमार्क बघून घ्या. गुंतवणूक म्हणून हवं असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा घेता येणारा सोन्याचा फंड घ्या, ४८ लाखांपैकी तीन-चार लाखांपर्यंत, एकदम नाही, वर्षभरात विभागून. सरकारी सुवर्णरोख्यांची नवी मालिका फेब्रुवारी २०२४नंतर आलेली नाही. जुने बाजारात मिळतात, पण भाव पाहून घ्यावे लागतात. पेन्शन तुटपुंजी आहे म्हणता, तर त्याआधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेकडे बघा. तिथे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, तिमाहीला व्याज खात्यात पडतं. तुम्हाला दरमहा किती लागतात हे पत्रात नाही. तो आकडा आधी काढा, बाकी सगळं त्याच्यानंतर.

राहता राहिले ते ८० हजार. तुमच्या पुंजीच्या दोन टक्क्यांच्या आत आहेत, बुडाले तरी चूल बंद पडणार नाही. ठेवायचे असतील तर ठेवा. भाव पडला म्हणून आणखी घेऊन सरासरी करायची नाही, आणि सौ.ना या रविवारच्या आत सांगायचं, वरचा हिशेब दाखवून.

आणि शेअर ठेवणार असाल तर भागधारक म्हणून त्यांचा उपयोगही करा. परवाच्या पत्रकात नऊ भोकं पाडल्याचं लिहिलंय आणि तक्त्यात निकाल चारच भोकांचे दिलेत. हल्ली बऱ्याच कंपन्यांची वार्षिक सभा व्हिडिओवर होते. बोलायचं असेल तर आधी ईमेल करून नाव नोंदवावं लागतं, त्याची रीत सभेच्या सूचनेत दिलेली असते. बाकीच्या पाच भोकांत काय निघालं, हे तिथे विचारा.